बरणी आणि बाटली एकाच कपाटात का?

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये आत्याला घेऊन गेले होते. दांडिया बाजारात अख्खा जन्म गेला, पण तिथे ती शेवटची गेली होती शाळेच्या सहलीत, देवमाशाचा सांगाडा आणि ममी बघायला. या खेपेला ती रेंगाळली चिनी मातीच्या आणि काचेच्या वस्तूंपाशी. बराच वेळ इकडून तिकडून पाहून म्हणाली, "यांनी बरणी नि बाटली एका ठिकाणी का मांडली गं? आपण घरात फुटणारं सगळं एका फळीवर ठेवतो, तसं?"

मी हसले, पण प्रश्न चांगला होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही कित्येक वर्षं 'सिरॅमिक्स आणि काच' असा एकच विभाग होता, आणि आपलं बडोद्याचं म्युझियम सयाजीरावांनी त्याच धर्तीवर उभं केलेलं. एक वस्तू मातीची, अपारदर्शक. दुसरी आरपार दिसणारी. मग नातं काय?

नातं बरणीच्या अंगावरच असतं. लोणच्याच्या बरणीला जी तुकतुकी असते, जिला आपण झिलई म्हणतो आणि स्टुडिओतली मंडळी ग्लेझ म्हणतात, ती काच आहे. काचेसारखी नव्हे, काचच. वाळूची किंवा गारगोटीची पूड, ती लवकर वितळावी म्हणून घातलेले क्षार, आणि ओघळून जाऊ नये म्हणून थोडी माती, असं पाण्यात कालवून भांड्यावर चढवतात. भट्टीत ते वितळतं आणि मातीच्या अंगाला काचेचं कातडं चिकटून बसतं. म्हणजे बरणी ही काच पांघरलेली माती. आणि बरणी जितकी जास्त तापवाल, तितकी काच नुसती वर न राहता मातीच्या आतही तयार व्हायला लागते.

माठ, बरणी आणि चहाचा पातळ पांढरा कप यांत फरक तो एवढाच. माठ किंवा कुंडी साधारण ८०० ते १००० अंशांवर भाजलेली असते. मातीचे कण एकमेकांना धरून बसलेले असतात, पण मधली छिद्रं उघडीच. त्यातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं पाणी गार होतं. हाच टेराकोटा. बरणीची माती १२०० ते १३०० अंशांपर्यंत जाते, तेव्हा आतले काही घटक वितळून छिद्रं बुजवतात. हे स्टोनवेअर, दगडासारखं. मीठ, तेल, आंबा वर्षभर ठेवा, थेंब बाहेर येत नाही. पोर्सेलिन त्याहून वर, केओलिन नावाच्या शुभ्र मातीचं. पातळ असेल तर दिव्यासमोर धरल्यावर पलीकडे बोटांची सावली दिसते. म्युझियमच्या लेबलवर यांपैकी एखादा शब्द लिहिलेला असतो आणि आपण तो न वाचता पुढे जातो. खरं तर ती वस्तू कोणत्या संकटातून पार पडली ते त्या एका शब्दात असतं.

संकट म्हणते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दरवर्षी आमच्याकडे शाडूचा गणपती असतो. शाडू येतो आपल्याच गुजरातेतून, भावनगरकडून, आणि थेट कोकणात पेणपर्यंत जातो. एका वर्षी भाच्याने उरलेल्या शाडूचा उंदीर केला. मोठ्या पेढ्याएवढा, गुबगुबीत, पाठीत खूण म्हणून नखाने ओढलेली रेघ. विसर्जनात गणपती जाणार, पण हा उंदीर कायमचा राहायला हवा, असा त्याचा हट्ट. मी ज्या स्टुडिओत शनिवारी मातीकाम करायला जाते, तिथल्या भट्टीत मी तो बाकी वाट्यांबरोबर ठेवून दिला. वरून अगदी कोरडा ठणठणीत वाटत होता. भट्टी शंभर अंश ओलांडून थोडी पुढे गेली आणि आत 'फट्ट' झालं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर उंदराच्या जागी भुगा, आणि त्याची शकलं तिघा-चौघांच्या वाट्यांत. मला त्या सगळ्यांना सेव-उसळ खिलवावी लागली.

झालं काय, ते नीट समजून घेऊ. ओल्या मातीत पाणी दोन जागी असतं. एक कणांच्या मधल्या फटींत. त्यामुळेच माती मऊ असते, हवी तशी वळते. दुसरं मातीच्या खनिजात रासायनिकरीत्या बांधलेलं. ते हाताला लागत नाही, उन्हात कितीही वाळवलं तरी जात नाही. शुद्ध केओलिनच्या वजनात असं बांधलेलं पाणी १४ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे मातीचं पीठ हाताला कोरडं लागलं तरी किलोत अर्ध्या पावाहून जरा जास्तच पाणी दडलेलं. हे दुसरं पाणी साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघून जातं आणि एकदा गेलं की परत येत नाही. शाडूचा गणपती बादलीत विरघळतो आणि माठात आपण पाणीच भरतो, त्याचं कारण हे. कच्ची माती आणि भाजलेली माती ही दोन वेगळीच द्रव्यं आहेत.

भाच्याचा उंदीर मात्र तिथपर्यंत पोचलाच नाही. त्याला मारलं पहिल्या पाण्याने. जाड गोळ्याच्या पोटात ओल राहिली होती. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते, आणि घट्ट मातीतून तिला वाट नाही. लोक म्हणतात, "हवा अडकली असेल." हवेचा दोष नाही. पूर्ण सुकलेल्या मातीत बुडबुडा असला तरी काही बिघडत नाही. ओल हवी फुटायला. आणि जाड माती पोटातून सुकते कधी, तर आपला धीर संपल्यावर.

म्हणून मातीचं शिल्प पोकळ असतं. दगडाचा शिल्पकार भरीव ठोकळ्यातून कोरत आत जातो. मातीवाला माणूस भिंती उभारतो, घर बांधल्यासारख्या. आमच्याकडे साधा नियम आहे, भिंत अंगठ्यापेक्षा जाड नको. भरीव केलंच तर थोडं आवळल्यावर मधोमध कापायचं, आतून कोरून काढायचं, कडांना ओरखडे पाडून पातळ चिखलाने पुन्हा जोडायचं, आणि कुठेतरी एक भोक ठेवायचं. गावाकडचे कुंभार मातीत लीद, राख, भुसा मिसळतात, त्यामागेही तोच हिशोब. भुसा जळून जातो, बारीक वाटा मोकळ्या होतात, वाफ निघून जाते.

चीनमध्ये शीआनजवळ १९७४ साली जे हजारो मातीचे सैनिक सापडले, त्यांची धडं पोकळ आहेत आणि पाय भरीव. पायांवर सगळा भार, म्हणून तिथे पोकळी परवडत नव्हती. डोकी वेगळी करून बसवलेली. आपल्याकडे छोटाउदेपूरच्या किंवा पोशिन्याच्या बाजूला आदिवासी देवाला मातीचे घोडे वाहतात, त्यांतला एखादा जवळून बघा. पाय म्हणजे चाकावर ओढलेल्या नळ्या, धड म्हणजे आडवं घातलेलं मडकं. कुंभाराला मूर्तीसाठी वेगळी विद्या शिकावी लागत नाही, तो मडकीच जोडत जातो. मला हे फार आवडतं. घोड्याच्या अंगात मडकं ओळखू आलं की घोडा आणखी घोडा वाटायला लागतो.

शामळाजीजवळ देवनी मोरीला १९६० ते १९६३ या काळात आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने विटांचा एक बौद्ध स्तूप उकरला. आर. एन. मेहता आणि एस. एन. चौधरी यांचं काम ते. त्यात भाजलेल्या मातीचे ध्यानस्थ बुद्ध निघाले, दीड हजार वर्षांहून जुने. मूळ जागा आज मेश्वो नदीच्या धरणाखाली आहे. कच्च्या मातीचे असते तर एका पावसात संपले असते. हे बुद्ध जेव्हा मी पाहते, तेव्हा चेहऱ्याच्या शांतपणाआधी मला त्या कुंभाराची रात्र आठवते. भट्टी लावून बसलेला, आतून 'फट्ट' येतंय का ते ऐकत.

आता झिलईच्या बाजूने बघू. टेराकोटा सच्छिद्र, म्हणून पाऊस आत जातो आणि वर्षानुवर्षांनी पोपडे निघतात. फ्लोरेन्सच्या लुका देल्ला रोब्बियाने पंधराव्या शतकात यावर उपाय केला. मातीच्या मूर्तींवर त्याने कथिलाचा अंश असलेली अपारदर्शक पांढरी आणि निळी झिलई चढवली. त्याच्या पुतण्याने, आंद्रेआने, १४८७ च्या सुमारास तिथल्या अनाथालयाच्या दर्शनी भिंतीवर कापडात गुंडाळलेली तान्ही बाळं बसवली. तीही अशीच, निळ्यावर पांढरी, उघड्यावर. संगमरवराच्या मानाने स्वस्त आणि धुता येण्यासारखी.

हाव सुटली की काय होतं, त्याचा नमुना जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस पोर्सेलिनचा वेडा. युरोपात पहिल्यांदा खरं पोर्सेलिन बनवणारा माइसेनचा कारखाना १७१० मध्ये त्यानेच काढला. पुढे १७३० च्या दशकात त्याने राजवाड्यासाठी पोर्सेलिनचे मोठाले प्राणी मागवले. गेंडा, सिंह, मोर, पिल्लाला पाजणारी शेळी. योहान योआखिम केंडलरसारखा उत्तम शिल्पी हाताशी, पण मातीला राजाचा हुकूम कळत नाही. पोर्सेलिन भाजताना बरंच आकसतं, वर शेवटी मऊ पडून स्वतःच्याच वजनाने बसू पाहतं. वाटीएवढ्या वस्तूत ते खपतं. शेळीएवढ्या प्राण्यात एक भाग आधी आकसतो, दुसरा मागे राहतो, आणि तडा जातो. ते तडे आजही दिसतात. पुन्हा भट्टीत घालायची छाती झाली नाही, म्हणून रंग भाजून न पक्का करता वरूनच तैलरंग लावला, आणि तो पुढे बहुतेक उतरला किंवा काढला. आज ते प्राणी पांढरे, भेगाळलेले उभे आहेत, आणि मला विचाराल तर रंगीत असते त्यापेक्षा बरे दिसतात.

आपल्या वडोदऱ्यात याच्या अगदी उलट स्वभावाचं काम झालं. ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) मूळच्या कच्छमधल्या मांडवीच्या. इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला शिल्पकार शंखो चौधरींकडे शिकल्या, मग न्यूयॉर्कला ब्रुकलिन म्युझियमच्या कलाशाळेत गेल्या, आणि परत येऊन २००२ पर्यंत फाइन आर्ट्सच्याच सिरॅमिक विभागात शिकवलं. त्यांच्या स्टोनवेअरमधल्या मांजरी पाहिल्यात? अंग गोळा करून बसलेल्या, कुठे काटकोन नाही, शेपूट हवेत नाही, झिलई चकचकीत न ठेवता मंद. हे सौंदर्य म्हणून तर आहेच, पण भट्टीची समज म्हणूनही आहे. गोल आकार सगळीकडून सारखा तापतो, सारखा आकसतो. बाहेर काढलेलं बारीक शेपूट आधी सुकतं आणि तुटतं. बसलेलं मांजर ही आकसणाऱ्या मातीला सोयीची गोष्ट आहे.

एवढं ऐकून आत्या म्हणाली, "बरं, मातीचं कळलं. काचेत तर वाफ नाही, मग ती का फुटते?"

येराचे ग्लास ज्या गावात तयार होत आले, तिथे हा प्रश्न यायलाच हवा. काच म्हणजे वितळलेली वाळू. नुसती वाळू वितळायला १७०० अंश लागतात. सोडा मिसळला की ते बरंच खाली येतं, पण मग काच पाण्यात हळूहळू विरघळायला लागते, म्हणून चुना घालून तिला टिकाऊ करतात. वाळू, सोडा, चुना. खिडकी, बाटली, काचेची बरणी सगळ्यांची कृती हीच.

गंमत गार होताना आहे. खडीसाखर आणि लिमलेटची गोळी डोळ्यांपुढे आणा. दोन्ही साखरच. पाक सावकाश राहू दिला तर साखरेचे कण शिस्तीत रचले जातात आणि खडे होतात. तोच पाक जास्त आटवून झटकन गार केला तर कणांना रांगेत उभं राहायला सवड मिळत नाही, ते जिथे असतील तिथे थिजतात, आणि पारदर्शक गोळी होते. काच ही वाळूची लिमलेट गोळी आहे. थिजलेली, पण रांग न लागलेली. (जुन्या खिडक्यांची काच हळूहळू खाली ओघळते असं काही जण सांगतात. नाही ओघळत. पूर्वी काच सारख्या जाडीची करताच येत नसे, एवढंच.)

आता ही जाड काच गार करायची. बाहेरचा थर आधी गार होऊन घट्ट होतो, आतला अजून गरम, फुगलेला. मग आतला आकसू बघतो, पण बाहेरच्याने हात धरून ठेवलेला. हा ताण काचेत कायमचा राहतो आणि एखाद्या दिवशी, कुणी हात न लावता, ती तडकते. घरात कढत चहा जाड ग्लासात ओतताना आपण आत चमचा ठेवतो, तेव्हा भीती याच भांडणाची असते, फक्त उलट दिशेने. उपाय एकच. साध्या काचेची वस्तू साडेपाचशे अंशांच्या आसपास थांबवायची, आत-बाहेर सारखी होऊ द्यायची आणि मग अगदी सावकाश उतरवायची. जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट लागतो. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीचा २०० इंची आरसा १९३४ साली ओतला, तर तो गार करायला जवळजवळ १० महिने लागले. रोज एक अंशाहूनही कमी.

म्हणूनच ओतीव काचेचं मोठं शिल्प ही अलीकडची गोष्ट. झेक देशात झेलेझ्नी ब्रोडला स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा १९५४ पासून एकत्र काम करू लागले. तो चित्र काढायचा, ती ते मातीत घडवायची, त्यावरून साचा, साच्यात काचेचे तुकडे, भट्टीत वितळणं आणि मग आठवडेच्या आठवडे गार होणं. म्हणजे काचेच्या पोटातसुद्धा आधी मातीच. पण पाहायची रीत वेगळी. मातीच्या मूर्तीवर उजेड पडतो आणि थांबतो, काचेत तो शिरतो. जिथे काच जाड तिथे रंग गडद, पातळ तिथे फिका. या दोघांनी एकाच रंगाच्या काचेत नुसती जाडी कमी-जास्त करून छाया आणि उजेड काढले. मागच्या बाजूने खड्डा कोरला की समोरून आत काहीतरी तरंगताना दिसतं. असं शिल्प समोर उभं राहून बघणं म्हणजे अर्धंच बघणं. दोन पावलं बाजूला सरका, ते हलतं.

अमेरिकेत काच कारखान्यातून कलावंताच्या हाती आली ती तर म्युझियममुळेच. १९६२ साली टोलेडो म्युझियमच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये हार्वे लिटलटनने छोटी भट्टी लावून कार्यशाळा घेतली. हा माणूस मुळात कुंभारकाम शिकवणारा. पहिला घाणा बिघडला. मग डॉमिनिक लबिनो नावाच्या काचतज्ज्ञाने तंतूंसाठी बनवलेल्या काचेच्या गोट्या दिल्या, त्या वितळवून काम झालं. आज जगभर जो तो आपल्या स्टुडिओत काच फुंकतो, त्याचा एक मोठा धागा त्या गॅरेजपर्यंत जातो.

मातीही नाही आणि काचही नाही, अशीही एक जात आहे, फायन्स. इजिप्तवाले गारेची पूड, थोडा चुना, क्षार आणि तांबं कालवून आकार करायचे. सुकताना क्षार वर येऊन बसायचे आणि भाजल्यावर त्यांचीच निळी झिलई व्हायची. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये असा एक निळा पाणघोडा आहे, वीतभर लांब, सुमारे चार हजार वर्षांचा. अंगावर कमळं रंगवलेली. त्याचे तीन पाय मुद्दाम मोडलेले सापडले. मेलेल्याला परलोकात त्याने त्रास देऊ नये म्हणून मोडले असावेत. आता जे दिसतात ते नवे बसवलेले आहेत.

वडोदऱ्यात माती आणि काच एकाच छपराखाली भव्य रूपात पाहायची तर लक्ष्मीविलास राजवाड्यात जा. फेलिची या इटालियन शिल्पकाराची टेराकोटातली कामं तिथे आहेत, आणि दरबार हॉलला व्हेनिसची मोझेक फरशी नि बेल्जियमच्या रंगीत काचा. दुपारी चारच्या सुमाराला गेलात तर काचांचं काम जास्त चांगलं कळेल.

म्युझियमला या वस्तूंची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते. जमिनीतून निघालेल्या मातीच्या मूर्तीने क्षार प्यायलेले असतात. पावसाळ्यात ते विरघळतात, हिवाळ्यात पुन्हा खडे होऊन पृष्ठभाग ढकलतात. घरच्या भिंतीला लोणा लागतो तसंच. काचेचं दुखणं वेगळं. चुना कमी पडलेल्या जुन्या काचेतले क्षार दमट हवेत बाहेर झिरपतात, काच घामेजल्यासारखी चिकट होते आणि मग बारीक भेगांनी धुरकटते. हे परत पुसून नीट होत नाही. हार्वर्डला ब्लाश्का पितापुत्रांनी १८८७ ते १९३६ या काळात केलेली काचेची चार हजारांवर फुलं, पानं, फळं आहेत, त्यांची देखभाल करणारे तर नुसत्या पायांच्या हादऱ्यालाही घाबरतात. तेव्हा कपाटावर टेकू नका म्हणणाऱ्या शिपायावर रागावू नये.

निघताना आत्याला एक शेवटची युक्ती सांगितली. मातीची झिलईदार वस्तू ओळखायची तर तिचा तळ बघायचा. वितळलेली झिलई भट्टीच्या फळीला चिकटते, म्हणून जिथे वस्तू टेकते तिथे ती पुसून टाकतात. तिथे नुसती माती उघडी राहते, तिचा रंग आणि पोत दिसतो. म्युझियममध्ये आरसा खाली ठेवला असेल तर त्यात, नाही तर वाकून.

संध्याकाळी तिचा फोन आला. आजीच्या वेळची बरणी आहे तिच्याकडे, तपकिरी आणि दुधी रंगाची, थानगढकडून आलेली. थानगढला परशुराम पॉटरी काढणारे गणपुले मराठीच, हेही तिने मला ऐकवलं. म्हणाली, "खालचं कडं उघडं आहे गं, खरंच. खरबरीत लागतं, भाकरीच्या पाठीसारखं."

"बघितलंस कसं?"

"बघितलं की पालथी करून. दादरा बांधलेला होता म्हणून मला वाटलं, रिकामी आहे." मग थोडं थांबून, "ओट्यावर कैरीचं तेल आलंय सगळं. कशाने निघतं ते?"